एकशे सेहेचाळीसच्या आत

गुरुवारी सकाळी दहाच्या फोनवर थोरल्याने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत, तेव्हाच तिने हातातलं पेन खाली ठेवलं.

थोरला म्हणजे तिचा दीर नव्हे. शेजारच्या बड्या देशाच्या मध्यवर्ती बँकेतला तो अधिकारी. तीन वर्षं आपल्या मध्यवर्ती बँकेत दराच्या टेबलावर बसून रोज सकाळी दहाला आणि दुपारी दोनला ती त्याचा आवाज ऐकत आली होती. तोंड मात्र कधी पाहिलं नव्हतं, आणि पाहायची हौसही नव्हती. पाच देशांनी मिळून करार केला होता, की आपापल्या चलनांचे दर एकमेकांपासून फार लांब पळू द्यायचे नाहीत. कुणाचं चलन घसरायला लागलं की उरलेल्या चौघांनी तिजोरीत हात घालायचा, त्याचं चलन बाजारात विकत घ्यायचं आणि त्याला सावरायचं. करारात 'परस्पर विश्वास', 'सौहार्द' असले शब्द इतके पेरले होते की वाचताना दात किडावेत. तिच्या विभागात मात्र सगळे त्याला 'भाऊबंदकी' म्हणत. पाच भाऊ, पाच तिजोऱ्या, आणि प्रत्येकाचा डोळा दुसऱ्याच्या कुलपावर. आकाराप्रमाणे थोरला, मधला, तिसरा, चौथा. शेंडेफळ म्हणजे आपण.

शेंडेफळाचं चलन आठवडाभर घसरत होतं. थोरल्याचे शंभर घ्यायला आपले एकशे अडतीस ते एकशे सेहेचाळीस पडावेत, असा पट्टा ठरलेला. एकशे सेहेचाळीस ओलांडलं की पट्टा तुटला. त्या सकाळी आकडा होता एकशे पंचेचाळीस पूर्णांक तीन.

"खरेदीला सुरुवात करायची ना?" इस्त्रीसाहेबांनी फोनकडे तोंड करून विचारलं. इस्त्रीसाहेब तिचे प्रमुख. त्यांच्या शर्टाला सुरकुती नसे आणि चेहऱ्यालाही नसे, म्हणून विभागाने ठेवलेलं हे नाव.

"त्याआधी एक सांगा," थोरला म्हणाला. "तुमच्याकडे बाळांच्या दुधाचे डबे संपलेत म्हणे."

"मी दर सांभाळतो. डबे नाही."

"डबे आमच्या देशात बनतात, म्हणून आम्हाला कळतं. काल एका दिवसात तुमच्या घाऊक व्यापाऱ्यांनी आमच्या कारखान्याला सत्तावीस फोन केले. आज सकाळी आमच्या वकिलातीतला माणूस तुमच्या एका औषधाच्या दुकानासमोर रांगेत उभा राहून आला. रांगेत जो तो एकच सांगतोय. दराच्या टेबलावर बसणाऱ्या बाईने परवा अकरा डबे उचलले, म्हणजे तुमचं चलन पडणार. मंडळी डबे घेऊन तिथून थेट आमचे पैसे विकत घ्यायला जातायत."

करारातच लिहिलेलं होतं, की हा फोन मोठ्या आवाजात लावायचा आणि टेबलावरच्या सगळ्यांनी ऐकायचा. सगळ्यांनी ऐकलं. मग सगळ्यांना एकाएकी आपापल्या कागदांत फार रस वाटू लागला.

"ज्या चलनावर तुमच्याच टेबलाचा भरवसा नाही," थोरला पुढे म्हणाला, "त्याच्यासाठी आमच्या लोकांचे पैसे आम्ही का जाळायचे?"

"ह्यांचं मला पटतं," मधला म्हणाला. मधल्याला थोरल्याचं नेहमीच पटायचं.

"दोनच्या फोनपर्यंत निस्तरा. मग बघू खरेदीचं."

फोन बंद झाला. इस्त्रीसाहेबांनी मान तिच्याकडे वळवली. फक्त मान, खांदे जागच्या जागी.

"अकरा?"

"मुलीसाठी घेतले, सर."

"किती मुली आहेत तुम्हाला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

मुलगी एकच होती, दीड वर्षाची. तिला घरात चिमणी म्हणत. चिमणीच्या पोटात कुठलंच दूध ठरत नसे. गाईचं दिलं की अंगभर लाल चट्टे, दुसऱ्या कुठल्या डब्यातलं दिलं की भडाभडा उलटी. सहा महिने डॉक्टरांचे उंबरे झिजवल्यावर हा एक डबा सापडला होता. निळा, वर ससा. एक डबा सहा दिवस पुरे. परवा, मंगळवारी संध्याकाळी, औषधवाला म्हणाला होता, पुढचा माल कधी येईल सांगता येत नाही. आणि त्याच दिवशी दुपारी टेबलावर तिने स्वतःच्या डोळ्यांनी एकशे चव्वेचाळीस पूर्णांक नऊ पाहिलं होतं. ह्या दोहोंपैकी कुठल्या गोष्टीने तिचा हात पुढे केला, हे तिला त्या वेळी कळलं नाही आणि नंतर तिने स्वतःला विचारलंही नाही. दुकानात होते ते अकराच्या अकरा डबे तिने मागितले.

नेमकी बाजूला जाऊबाई. तिच्या नवऱ्याच्या थोरल्या भावाची बायको, वरच्या मजल्यावर राहणारी. डोकेदुखीच्या गोळ्या घ्यायला म्हणून बरोबर आलेली.

"अगंबाई, अकरा?" जाऊ म्हणाली होती. "काय गं, भाव वाढणार वाटतं?"

टेबलावरच्या माणसांना पहिल्या दिवशी शिकवतात, की बाहेर दराविषयी काही विचारलं तर हो म्हणायचं नाही, नाही म्हणायचं नाही, आणि माहीत नाही असंही म्हणायचं नाही. आज 'माहीत नाही' म्हणणारा उद्या गप्प बसला की लोक त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ लावतात. म्हणून रोजच गप्प. ती गप्प बसली. औषधवाल्याने डबे मोजले, जावेने तिचं तोंड न्याहाळलं, आणि दोघींनी जिना चढेपर्यंत अवाक्षर काढलं नाही.

आता ही जाऊ कुठे नोकरीला होती? फ्रिजवाल्याकडे. बाहेरून फ्रिज आणून विकणारा तो शहरातला सगळ्यात मोठा व्यापारी, शिवाय आयातदार संघाचा अध्यक्ष. तो शिंकला की चाळीस व्यापारी रुमाल काढत. बुधवारी सकाळी जावेने त्याला चहाबरोबर ही बातमी दिली. दुपारपर्यंत चाळीसही जण थोरल्याच्या देशाचे पैसे विकत घेत होते, आणि त्यांच्या बायका डबे.

"परत करायचे," इस्त्रीसाहेब म्हणाले. "दोनच्या आत. मागच्या दाराने नाही, रांगेसमोर. सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि तोंड उघडायचं नाही."

"सर, ती दुसरं काही घेत नाही. डॉक्टरांचं पत्र आहे माझ्याकडे."

"पट्टा तुटला तर उद्यापासून गावातल्या प्रत्येक पोराचं दूध महाग होईल. त्यांच्या आयांकडेही पत्रं असतील."

हा माणूस चूक बोलला असता तर तिला बरं वाटलं असतं.

घरी नवरा चिमणीला मांडीवर घेऊन बसला होता. तो संध्याकाळच्या कॉलेजात शिकवायचा, दिवसा मुलगी त्याच्याकडे. ती कपाटातून डबे काढून पिशव्यांत भरायला लागली तसा तो उठलाच.

"हे काय चाललंय?"

"बँकेने सांगितलंय परत करायला."

"बँकेने सांगितलं तर पोरगीही परत करशील. अगं, वहिनीने विचारलं तेव्हा 'काही नाही हो, सहज घेतले' म्हणायला काय जात होतं तुझं?"

"नियम आहे."

"मग आता रात्री नियम पाज तिला. चमच्याने."

एक डबा उघडलेला होता, पावभर रिकामा झालेला. तो तिने ओट्यावर ठेवला. दहा डबे दोन पिशव्यांत भरले. ससे दिसू लागताच चिमणीने दोन्ही हात पुढे केले. आपल्यासाठीच काढतायत असं तिला वाटलं. पोरीकडे न बघता ती दार ओढून खाली उतरली.

दुकानासमोर चाळीसेक माणसं उभी होती. डबे नव्हतेच, पण येतील ह्या आशेवर उभी. पिशव्यांतून निळं काही दिसल्याबरोबर रांगेची मान एकदम वळली.

"परत घेत नाही," औषधवाला म्हणाला. "पावतीच्या मागे छापलंय."

"कृपा करून घ्या."

औषधवाल्याने रांगेकडे पाहिलं, डब्यांकडे पाहिलं, आणि त्याच्या डोक्यात हिशोब पूर्ण झालेला तिला स्पष्ट दिसला. "बरं. परवाच्या भावाने घेतो," तो म्हणाला. तिला पैसे मोजून दिले, आणि ती पाकीट बंद करते न करते तोच त्याने डब्यांवर आजचा भाव लिहायला घेतला. सव्वापट.

मागे कुजबुज सुरू झाली. कुजबुज कसली, तिला ऐकू जावं म्हणूनच बोलत होते.

"बँकेतली ती हीच का?"

"हीच. बघ कशी मान खाली घालून उभी आहे."

"परत कशाला करतेय मग? मनाची लाज?"

"लाज कुठली! वरून दट्ट्या आला असेल."

"अहो, पण विचार करा. काही नसतंच, तर बँकेने एवढी धावपळ कशाला केली असती?"

ह्या प्रश्नावर रांगेतले एकमेकांची तोंडं बघू लागले. तिने तोंड उघडलं असतं तर कदाचित काही झालं असतं. तिने ओठ घट्ट मिटले. एका म्हाताऱ्याने छत्री काखेत मारली, रांग सोडली आणि कोपऱ्यावरच्या पैसे बदलून देणाऱ्या खिडकीकडे झपाझप चालायला लागला. त्याच्यामागे दोघं गेले. मग पाच. उरलेली माणसं त्या दहा डब्यांवर तुटून पडली. माणशी एकच, माणशी एकच, असं औषधवाला ओरडत राहिला. ती गर्दीतून खांदा घालत बाहेर पडली तेव्हा कुणीतरी तिच्या पायावर पाय दिला. मुद्दाम दिला की चुकून, हे बघायला ती थांबली नाही.

दोनच्या फोनला आकडा एकशे पंचेचाळीस पूर्णांक चौऱ्याण्णव होता.

"परत केले?" थोरल्याने विचारलं.

"केले. रांगेसमोर," इस्त्रीसाहेब म्हणाले.

"पुरावा?"

साहेबांनी तिच्याकडे बोट केलं. औषधवाल्याने माल परत घेतल्याची चिठ्ठी दिली होती. पाच देशांच्या बँका ऐकत असताना तिने त्या चिठ्ठीचा क्रमांक, तारीख आणि 'दूध पावडर, नग दहा' असं मोठ्याने वाचून दाखवलं. कॉलेजात तिने ह्याच विषयात पहिला वर्ग मिळवला होता. आंतरराष्ट्रीय चलनव्यवहार.

"दहा?" तिसरा म्हणाला. "अकरा होते ना?"

"एक फोडलेला आहे."

"हं," असं थोरल्याने केलं. मग चौघांनी खरेदी सुरू केली. चाळीस मिनिटं केली आणि थांबवली. बाजार बंद झाला तेव्हा एकशे पंचेचाळीस पूर्णांक एक्क्याऐंशी. पट्टा तुटला नव्हता, पण आकडा त्याला लोंबकळत होता.

"हे आम्ही उद्या पुन्हा करणार नाही," थोरल्याने फोन ठेवताना सांगितलं. "रविवारी पाचही गव्हर्नर भेटतायत. तोवर तुमचं तुम्ही बघा."

संध्याकाळी साडेसहाला जाऊ खाली आली. नवरा कॉलेजात गेलेला. जावेच्या हातात कापडी पिशवी होती. ती तिने टेबलावर ठेवली आणि एकेक करून चार निळे डबे बाहेर काढले, बांगड्या दाखवाव्यात तसे हळू हळू.

"माणशी एकच देत होता मेला," जाऊ म्हणाली. "मी, हे, आणि आमच्या दुकानातले दोघं. तासभर उभं राहावं लागलं मागे. तू आम्हाला पाहिलंच नाहीस."

तिने जावेकडे पाहिलं. म्हणजे त्या रांगेत हीसुद्धा होती. दीरसुद्धा.

"किती द्यायचे, ताई?"

"पैसे मागतेय का मी तुझ्याकडे?" जाऊ खुर्ची ओढून बसली. "घरातल्या घरात कसले पैसे? फक्त एक सांग. रविवारी काय ठरणार आहे?"

"मला खरंच माहीत नाही, ताई."

ते खरं होतं. टेबलावर कुणालाच माहीत नव्हतं. इस्त्रीसाहेबांना नव्हतं, थोरल्यालाही असेल असं वाटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा तिने नियम मोडला, आणि तोही खरं बोलून.

जाऊ हसली. "दुकानात गप्प होतीस तेव्हा जास्त खरी वाटली होतीस. अगं, शेठने सगळे पैसे तिकडच्या चलनात घातलेत. गोदाम गहाण टाकून. तुझ्या भावजींनीही थोडे घातलेत त्यांच्याबरोबर. उद्या वर जायचं की खाली, एवढं तरी कळू दे. शेजारणीला सांगितलं असतंस एव्हाना."

चिमणी कडेवर होती. तिला ससे दिसले. ती टेबलाकडे झुकली, हात पोचेना, तशी रडायला लागली. आधी कुरकुर, मग टाहो. जावेने एक डबा उचलला, पोरीच्या बोटांना लागेल न लागेल इतका जवळ आणला आणि पुन्हा आपल्याकडे ओढून घेतला. पोरीशी खेळल्यासारखा. चेहऱ्यावर हसू तसंच.

ते हसू बघून तिच्या आत काहीतरी तडकलं. राग तिला पुष्कळदा यायचा, पण तो गरम असे. हा थंडगार होता.

"दार लावा, ताई," ती म्हणाली.

जाऊ चटकन उठली आणि दार लावून आली.

"हे माझ्या तोंडून गेलंय असं कळलं तर माझी नोकरी जाईल."

"माझ्या गळ्याची शपथ."

"थोरला देश रविवारी मोठी रक्कम देणार आहे. आपलं चलन खाली नाही, वर जाणार. सोमवारी एकशे बेचाळीस. ज्यांनी ह्या आठवड्यात तिकडचे पैसे साठवलेत, ते सगळे रडतील. विकायचे तर उद्याच विकायला सांगा शेठना. सोमवारी कुणी विचारणार नाही."

आवाज तिने मुद्दाम खाली आणला नव्हता, तो भीतीने आपोआप खाली गेला होता. जावेचे डोळे मोठे झाले. दुपारी औषधवाल्याच्या डोळ्यांत जसा हिशोब झाला होता, तसाच आता इथे झाला.

"शेवटी घरचं माणूस ते घरचंच," जाऊ म्हणाली, आणि डबे तिथेच टाकून चपला घालायच्याही विसरून जिना चढली. दोन मिनिटांत वरून फोनवर बोलल्याचा आवाज आला. शब्द कळत नव्हते. कळायची गरजही नव्हती.

तिने ओट्यावरचा फोडलेला डबा घेतला, पाणी कोमट केलं, पावडर सपाट चमच्याने मोजून घातली. चिमणी दोन्ही हातांनी बाटली धरून प्यायली आणि हुंदके देत देतच झोपली. मग ती एकटी ओट्याला टेकून उभी राहिली. सोमवारी आपलं चलन पडलं तर फ्रिजवाला बुडेल, त्याच्याबरोबर दीर बुडेल, वरच्या मजल्यावरून शिव्यांचा पाऊस पडेल, आणि बँकेत कळलं तर तीही बुडेल. हे सगळं तिला दिसत होतं. दया मात्र कुणाचीच येत नव्हती. तासभर रांगेत उभं राहून आपल्याच पुतणीचं दूध उचलणाऱ्या दोन माणसांची तर मुळीच नाही.

शुक्रवारी सकाळी साडेनऊला फ्रिजवाल्याने विकायला सुरुवात केली. अकराला त्याच्यामागे संघाचे निम्मे, जेवायच्या सुट्टीपर्यंत सगळे. सगळ्यांनाच थोरल्याचे पैसे नको झाले, आपले हवे झाले. चौघा बँकांनी कबूल केल्याप्रमाणे बोटसुद्धा हलवलं नाही. तरी आकडा उतरत गेला. एकशे पंचेचाळीस. एकशे चव्वेचाळीस पूर्णांक सहा. बाजार बंद होताना एकशे चव्वेचाळीस पूर्णांक एक.

"डब्यांचा परिणाम," इस्त्रीसाहेब सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "एकीने शिस्त पाळली की बाजाराला कळतं."

रविवारी पाच गव्हर्नर भेटले. एकमेकांचे हात धरून त्यांनी फोटो काढला. निवेदनात 'परस्पर विश्वास' बारा वेळा आला. तिने मोजला. रक्कम एकदाही आली नाही. पण लोकांना वाटलं, रक्कम आतल्या आत ठरलीय, म्हणून तर शुक्रवारी जाणकारांनी विकून टाकलं. सोमवारी दुपारी आकडा एकशे बेचाळीस पूर्णांक आठ.

आणि सोमवारी संध्याकाळी जाऊ पुन्हा जिना उतरून आली. ह्या वेळी मागे दुकानातला एक हमाल, खांद्यावर पुठ्ठ्याचं खोकं. चोवीस डबे.

"शेठनी पाठवलंय. चिमणीसाठी म्हणाले. देवमाणूस आहे गं," जाऊ म्हणाली. खोकं आत ठेवून घेतलं, हमालाला घालवलं, मग तिच्या दंडाला धरलं. "शुक्रवारी येते मी. पुढच्या आठवड्याचं सांगून ठेव."

"ताई, असं दर आठवड्याला नसतं."

"नसेल. पण गेल्या आठवड्याला होतं, हे मला ठाऊक आहे ना." दंडावरची पकड सुटली नाही. "बँकेत ते कुणाला ठाऊक नाहीये, हेही ठाऊक आहे."

ती रात्रभर जागी होती असं नाही. झोप लागली, आणि सकाळी उठली ती ठरवूनच. मंगळवारी दहाचा फोन संपल्यावर ती इस्त्रीसाहेबांच्या खोलीत गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. जाऊ, चार डबे, एकशे बेचाळीस, खोकं. राजीनाम्याचा कागद हातात तयार होता.

साहेबांनी कागद घेतला नाही. उठून दार लावलं. खणातून शुक्रवारच्या व्यवहारांचा तक्ता काढला, त्यावर बोट फिरवत बराच वेळ वाचत राहिले.

"गुरुवारी चौघांनी मिळून जेवढं आपलं चलन विकत घेतलं," ते शेवटी म्हणाले, "त्याच्या तिप्पट शुक्रवारी ह्या आयातदारांनी घेतलं. आपला एक पैसा न जाता."

"सर, मी खोटं बोलले होते."

"सोमवारी ते खरं झालं. मग खोटं राहिलं कुठे?" त्यांनी तिच्याकडे पाहिलं, आणि त्या सपाट चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. भूक असावी तसं. "थोरल्याच्या दारात भिकाऱ्यासारखं उभं राहायचं. त्याने डबे मोजून घ्यायचे, पावत्या वाचून घ्यायच्या. आणि तुमच्या जावेइतकी तिजोरी त्याच्याकडेही नाही."

ती उभीच होती. साहेबांनी कोरा कागद पुढे ओढला, दोन ओळी लिहिल्या आणि तिच्यासमोर सरकवला.

"शुक्रवारी त्या येतील. त्यांना हे सांगायचं."

कागदावर लिहिलं होतं, की महिनाअखेर चलन एकशे चाळीसवर जाणार आहे.

"हे खरं आहे, सर?"

"महिनाअखेर कळेल."

"मग चौघांना कळवायला हवं. बाजारात आपण काही केलं की पंधरा मिनिटांत कळवायचं, असं करारात..."

"आपण काय केलंय बाजारात? एका जावेने दुसऱ्या जावेला स्वयंपाकघरात काहीतरी सांगितलं. करारात स्वयंपाकघराचं कलम आहे का?"

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही आत्ता मला जे सांगितलंत ते मला वर लिहून पाठवावं लागेल." आवाज चढला नाही, उतरला नाही. "डबे घेत जा, मॅडम. मुलीची तब्येत महत्त्वाची."

तिने राजीनाम्याचा कागद हातातच दुमडला. एकदा, दोनदा, बोटाएवढा होईपर्यंत. तीन वर्षं ह्या माणसाच्या हाताखाली काढली होती, पण त्याचा इतका तिटकारा तिला कधी आला नव्हता. थोरल्याचा आला, जावेचा आला. आणि त्या सगळ्यांच्या मागोमाग, पायरी पायरीने वर चढत, स्वतःचाही आला. घरी भिंतीला लावून ठेवलेलं खोकं डोळ्यांसमोर उभं राहिलं. चोवीस गुणिले सहा, एकशे चव्वेचाळीस दिवस. त्यानंतर काय, हे करारात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

तिने साहेबांचा कागद पुन्हा वाचला. दोन्ही ओळी नीट वाचल्या, जावेच्या कानांनी.

"एवढा गोल आकडा ताईंना खरा वाटणार नाही," ती म्हणाली.

साहेबांनी आपलं पेन तिच्यापुढे केलं. तिने खुर्ची ओढली, बसली, एकशे चाळीस खोडलं आणि वर लिहिलं, एकशे चाळीस पूर्णांक सात.